काट्यावरचं खातं

"आज एकच आहे," एचआरच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सर्व्हरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

दार लावलं म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. एरवी मॅडमचं सगळं बोलणं फोनवर चाले. पण कुणाला कामावरून काढायचं असलं, की त्या सकाळी स्वतः जिना उतरून येत आणि नाव सांगून जात. कारण त्या माणसाचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करायचं काम त्याचं होतं. कागदाच्या त्या कारखान्यात त्याला सगळे 'नेटवाले' म्हणत. नेट चालू असलं की त्याची कुणाला आठवण नसे. बंद पडलं की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना तो एकदमच आठवे. ह्या एका बाबतीत मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता. ज्याची नोकरी जायची, त्याच्याही आधी ती बातमी नेटवाल्याला कळायची.

"कोण?" त्याने विचारलं.

"काट्यावरचे."

"काट्यावर दोघं आहेत."

"रात्रीचा कंत्राटी आहे हो. दिवसाचे." मॅडमनी आवाज खाली घेतला. "ते तुमचे कोण लागतात, मला माहीत आहे. म्हणूनच बजावून सांगते. साहेब बोलायच्या आत तुमच्याकडून एक अक्षर बाहेर जाता कामा नये. तुम्हीच तर नियम करून दिलात ना, आधी खातं बंद करायचं आणि मग माणसाला सांगायचं?"

नियम त्यानेच करून दिला होता, हे खरं. मागे एकाला आधी कुणकुण लागली आणि त्याने जाता जाता खरेदीच्या सगळ्या फायली पुसून टाकल्या. त्यानंतर कुठल्याही शहाण्या नेटवाल्याने सांगितलं असतं, तेच ह्याने सांगितलं. तेव्हा तो नियम फार बरोबर वाटला होता.

दिवसाचे म्हणजे दादा. बायकोचा थोरला भाऊ. कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला वजनकाटा होता. रद्दीने भरलेली गाडी आत येताना त्यावर उभी राही, रिकामी होऊन जाताना पुन्हा उभी राही, आणि शेजारच्या केबिनमध्ये बसून दादा दोन्ही वजनं कॉम्प्युटरवर घेई. ड्रायव्हर लोक त्याला काटेदादा म्हणत. माणूस होताही तसाच काटेकोर. गाडीचं एक चाक काट्याच्या कडेवर असलं तरी खिडकीतून ओरडून ती पुढे घ्यायला लावी, मग मागे कितीही हॉर्न वाजोत. ह्याला इथे नोकरी लागली तीही दादाच्या शब्दामुळेच. आणि इतकी वर्षं झाली तरी दादा त्याला भर ऑफिसात, साहेबासमोरसुद्धा, "अहो दाजी" म्हणूनच हाक मारी. जावयाचा मान तो कामावरही सोडत नसे. ह्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"पण का?" त्याने विचारलं. "निवृत्तीला अशी किती वर्षं राहिलीत त्यांची?"

"कॅमेरे बसलेत ना फाटकावर. गाडीचा नंबर कॅमेरा वाचणार, वजन आपोआप चढणार. केबिनच लागणार नाही. केबल तुम्हीच टाकलीत की."

टाकली होती. त्या दिवशी खांबावर चढताना शिडी दादाने धरली होती. वर ह्याचा पाय जरा घसरला, तेव्हा खालून दादा म्हणाला होता, "दाजी, सांभाळून. तुम्ही पडलात तर बहीण मला उभा चिरेल." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते असं.

त्याला आणखी एक गोष्ट आठवली. महिन्याभरापूर्वी स्टोअरकीपरला काढलं, तेव्हा ह्याने ठरल्याप्रमाणे आधी खातं बंद केलं होतं. साहेबांची मीटिंग लांबली. स्टोअरकीपर बिचारा काउंटरवर उभा राहून पासवर्ड टाकतोय, समोर माल घ्यायला आलेल्यांची गर्दी, आणि पडद्यावर खातं बंद केल्याचं वाक्य झळकतंय. सगळ्यांनी ते वाचलं. त्या रविवारी दादा जेवायला आला होता, तो ताटावरून अर्धवट उठला. "काढायचं तर काढा ना," तो म्हणाला, "मालक आहात. पण तोंडाने सांगा. माणसाला माणसाने सांगावं, एवढं तरी. मशीनकडून काय सांगायला लावता?" ह्याने मान खाली घालून पाणी पिण्याचं सोंग केलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "एवढंच करा. आधी साहेबांना बोलू द्या. मी खातं मागून बंद करतो. दादा काही पुसणार नाहीत, त्यांना पुसता येतच नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "साडेतीनला वर बोलावते त्यांना. तुम्ही चारला बंद करा. पण चारला म्हणजे चारला."

मॅडम गेल्या आणि तो खुर्चीत बसून राहिला. खातं बंद करणं हे बाहेरच्याला वाटतं तितकं सोपं नसतं. नुसतं नाव बंद केलं, तर आधीच आत येऊन बसलेला माणूस आतच बसून राहतो. त्याच्या फोनवर मेल येत राहते, घरून आत यायची वाट उघडी राहते, दाराचं कार्ड चालत राहतं. घराचं कुलूप बदललं तरी आत झोपलेला पाहुणा बाहेर जात नाही, तसं आहे हे. म्हणून त्याने एकच आज्ञा लिहून ठेवली होती. तिच्यात नाव घातलं, की सगळी दारं एका दमात बंद होत आणि आत असलेला माणूस जिथे असेल तिथून बाहेर फेकला जाई. स्वतःच्या ह्या कामाचा त्याला अभिमान होता.

त्याने दादाचं नाव घातलं. शेवटचं बटण दाबायला बोट मात्र पुढे जाईना. चारला तरी ते जाईल कशावरून? तेव्हा त्याने त्याच्या धंद्यातले लोक करतात तेच केलं. आज्ञेला वेळ लावून दिली. चार वाजले की मशीन आपल्या आपण बंद करील, आपला हात लागायला नको. मग त्याने फोनचा आवाज बंद केला, कारण दादा मध्येच कशाला तरी फोन करील आणि "अहो दाजी" म्हणेल, ह्याची त्याला भीती वाटत होती.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचे शब्द तेवढे फोनवर दिसले. 'दादाला येताना घेऊन या, वहिनी तिच्या आईकडे गेलीय, एकटाच आहे, जेवायला इथेच.' त्याने 'बरं' लिहून पाठवलं. ती दोन अक्षरं लिहिणंही त्याला जड गेलं.

साडेतीनच्या सुमारास त्याला खोलीत बसवेना. आता दादा जिना चढत असेल, आता खुर्चीत बसला असेल, आता साहेब घसा साफ करत असतील. त्याने खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि काही काम नसताना पार मागच्या गोदामापर्यंत जाऊन तारा तपासत हिंडला. कुणी विचारलं तर सांगायला बरं म्हणून हातात पक्कड धरली होती. जरा वेळाने तो गोदामाला वळसा घालून फाटकाकडून परत निघाला. दादा आता तिथे नसणार, ह्या भरवशावर.

केबिनच्या खिडकीत दादा बसला होता.

"थोडी पुढे! अजून! बास, बास!" तो ड्रायव्हरवर ओरडत होता. मग ह्याच्याकडे लक्ष गेलं. "अहो दाजी, या. आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"तुम्ही... वर नाही गेलात?"

"बोलावलं होतं खरं. पण रांग बघा की. सगळ्या गाड्या आजच उगवल्यात. मॅडमना म्हटलं, रांग संपली की येतो. तर त्या म्हणाल्या, साहेबांना आता बाहेर जायचंय, मग उद्याच या सकाळी." दादाने चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हालाही फोन लावत होत्या म्हणे. उचलला नाहीत."

त्याने फोन बाहेर काढला. मॅडमचे कॉल येऊन गेले होते, आणि खाली निरोप होता: 'उद्या सकाळवर गेलं. खातं आज बंद करू नका.'

केबिनच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला फार काही उरलं नव्हतं.

"दादा, जरा उठता? एक मिनिट." तो दादाच्या खुर्चीत बसला आणि त्याच कॉम्प्युटरवरून आपल्या सर्व्हरकडे जायचा प्रयत्न करू लागला. पडदा ढिम्म हलेना. हलणार कसा? पूर्वी एका ड्रायव्हरने इथे गाणी ऐकायला पेनड्राइव्ह लावला होता आणि त्यातून शिरलेल्या व्हायरसने अख्खा कारखाना दोन दिवस बसवला होता. तेव्हापासून ह्यानेच काट्याचं जाळं बाकीच्या जाळ्यापासून तोडून टाकलं होतं. फाटकावरच्या मशीनने वजन पाठवायचं, चिठ्ठी छापायची, बस्स. सर्व्हरला हुकूम फक्त त्याच्या टेबलावरच्या मशीनवरून जाणार. फोनवरून नाही, दुसऱ्या कुठून नाही. तपासायला आलेल्या बाहेरच्या लोकांनी त्याची पाठ थोपटली होती. इतकं चोख काम आम्ही कुठे पाहिलं नाही, म्हणाले होते. कुणाला फोन करून सांगावं, तर खोलीला कुलूप, किल्ली खिशात, आणि पासवर्ड त्याने कधी बायकोलाही सांगितला नव्हता.

"काय झालं?" दादाने विचारलं. "घाम का फुटलाय एवढा? बसा, चहा सांगतो."

त्या वेळी एकच गोष्ट करण्यासारखी होती. दादाला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. दादा, तुम्हाला काढतायत, मला सकाळपासून माहीत आहे, आता तुमचा पडदा बंद पडेल, घाबरू नका. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? माणसाने माणसाला सांगितलं असतं. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतंही. पण त्याला ते सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तोंड उघडलं नाही. जन्मभर जे काही बिघडलं ते त्याने मशीनमध्येच दुरुस्त केलं होतं.

"आलोच," तो म्हणाला आणि पळत सुटला.

कारखान्याचं आवार तसं लहान नव्हतं, आणि तोही काही पळायच्या वयाचा राहिला नव्हता. मध्येच एक गाडी मागे येत होती, ती वाट अडवून बसली. तिचा क्लीनर आरामात "येऊ दे, येऊ दे" करत होता. ऑफिसच्या दाराने पहिल्यांदा कार्ड घेतलंच नाही. घामाने ओलं झालं होतं, सदऱ्याला पुसून पुन्हा लावावं लागलं. जिना उतरताना त्याला खालून आपल्या टेबलावरच्या फोनची घंटा ऐकू आली. ती ऐकली आणि त्याचे पाय आपोआप हळू झाले. आता पळून उपयोग नव्हता.

कुलूप उघडून त्याने फोन उचलला.

"दाजी, तुम्ही मघाशी काय केलंत हो मशीनला? एकदम बाहेर फेकलं मला. पासवर्ड टाकतोय तर घेत नाहीये."

त्याने पडद्याकडे बघितलं; आज्ञा पार पडली होती.

"दोनदा टाकला. म्हटलं, आपलाच हात चुकला असेल. चष्मा पुसून पुन्हा टाकला. काट्यावर भरलेली गाडी उभी आहे, मागचे लोक शंख करतायत. बघा जरा पटकन."

"दादा, तुम्ही काही करू नका. मी बघतो."

"थांबा, काहीतरी लिहून आलंय." दादा एकेक शब्द सावकाश वाचू लागला. "आपले खाते बंद करण्यात आले आहे. कृपया आपल्या... विभागप्रमुखांना भेटा."

ते वाक्य ह्यानेच लिहिलं होतं. आधी तिथे इंग्रजी वाक्य येई आणि लोक घाबरत, म्हणून त्याने ते साध्या मराठीत केलं, आणि बरं दिसावं म्हणून मागाहून त्यात 'कृपया' घातलं होतं. कारखान्यात ते वाक्य आता सगळ्यांना पाठ होतं. ते आलं की काय समजायचं, तेही.

पलीकडे हॉर्न वाजत होता. दादा त्यावर ओरडला नाही.

"असं आहे होय," तो म्हणाला. "म्हणजे साहेबांनी वर त्यासाठी बोलावलं होतं. आणि मी म्हटलं, रांग संपली की येतो."

"दादा, असं व्हायला नको होतं. त्यांनी आधी तुम्हाला सांगायचं होतं, मी त्यांना तसं—"

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये राग असता तर त्याला चाललं असतं. रागावर काहीतरी बोलता येतं.

"मघाशी इथे आलात, ते सांगायलाच आला होतात का?"

हो म्हणावं असं त्याला फार वाटलं. एका शब्दाने सगळं सावरलं असतं, आणि दादाने तो शब्द जणू स्वतःच पुढे केला होता. पण खोटं बोलायलाही धैर्य लागतं.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही वर गेलात असं समजून आलो होतो."

पुन्हा हॉर्न वाजला. दादाने खोल श्वास घेतल्याचं फोनमध्ये ऐकू आलं. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज कामाचा झाला होता.

"नेटवाले, हे आत्ता चालू करता येईल का? ही रांग संपेपर्यंत. माझं राहू दे, ड्रायव्हर लोकांचा काय दोष? काही तर काल रात्रीपासून गाडी चालवतायत."

दादाने त्याला 'नेटवाले' म्हटलेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. सगळे म्हणत तेच दादा म्हणाला होता, त्यात वावगं काहीच नव्हतं. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खातं पुन्हा चालू केलं आणि तसं सांगितलं. दादा "हं" म्हणाला आणि फोन ठेवला.

तो पडद्यासमोर बसून राहिला. काट्यावरून वजनं येऊ लागली. एक गाडी, मग दुसरी. प्रत्येक ओळीत शेवटी दादाचं नाव येत होतं. आपण वर जाऊन साहेबांच्या दारात बसावं, मॅडमशी भांडावं, राजीनामा तोंडावर फेकावा, असं बरंच काही त्याच्या मनात आलं. मुलीची शाळा, घराचा हप्ता, आणि आपल्या जागी उद्या दुसरा नेटवाला येऊन हेच बटण दाबेल, हेही मनात आलं. तो जागचा हलला नाही. एकदा त्याला वाटलं, दादा रागाच्या भरात काही उलटसुलट वजन चढवील आणि ते बरंच होईल. पण एकेक आकडा नीट येत होता. एका गाडीचं वजन तर दोनदा आलं, पहिलं रद्द केलेलं. चाक कडेवर असणार, पुढे घ्यायला लावली असणार.

हळूहळू ओळी विरळ झाल्या. मग थांबल्या. फोन वाजला.

"रांग संपली," दादा म्हणाला. "बंद करा आता."

"दादा, मॅडमनी उद्या सांगितलंय. उद्या सकाळी साहेब तुमच्याशी बोलतील, मग—"

"उद्या तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून बंद करणार. त्यापेक्षा आज माझ्या सांगण्यावरून करा."

"मला नका सांगू हे, दादा."

"मग कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला येतं का ते?" दादा किंचित हसला असावा. "आणि हे बघा, घरी तुम्ही काही बोलू नका. माझ्या बहिणीला मी सांगीन माझ्या पद्धतीने. तुमचं नाव त्यात येणार नाही."

इतका उपकार नको होता.

"करा," दादा म्हणाला. "मी आहे फोनवर."

ह्या वेळी वेळ लावून द्यायची सोय नव्हती. त्याने आज्ञेत नाव घातलं. मशीनने विचारलं, नक्की? प्रत्येक वेळी ते असंच विचारत असे आणि तो न वाचता पुढे जात असे. आज त्याने वाचलं. खांद्याशी धरलेल्या फोनमधून दादाचा श्वास ऐकू येत होता, दूर कुठेतरी शेवटची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. त्याने बटण दाबलं.

"झालं," तो म्हणाला.

दादाने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण आता टकटक ऐकू येत होती. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, सावकाश. कुलूप लावल्यावर माणूस एकदा ओढून बघतो, तसा दादा आपला पासवर्ड टाकून बघत होता. टकटक थांबली. त्याने पुन्हा फोन उचलला.

"घेत नाही," दादा म्हणाला. "नीट बंद झालंय, दाजी."